पीएस फाइव्ह घेतला, आता वर प्लसचेही पैसे?

दिवाळीनंतर आणि मे महिन्याच्या सुट्टीत ओळखीतल्या आईवडिलांचे, नव्यानं कन्सोल घेतलेल्या मित्रांचे मला एकाच मजकुराचे मेसेज येतात. "पीएस फाइव्ह घेतलाय. पोरगा म्हणतो प्लस लागेल. ते काय असतं? घ्यायलाच लागतं का?" प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्लस म्हणजे प्लेस्टेशन प्लस: सोनीच्या पीएस फाइव्ह या कन्सोलवर बरेच गेम ऑनलाइन खेळायला लागणारं पैशांचं सबस्क्रिप्शन. माझं मत आधीच सांगून टाकतो. ऑनलाइन खेळू देण्यासाठी म्हणून जे पैसे घेतात त्याला आजच्या घडीला काही अर्थ नाही. त्याच सबस्क्रिप्शनमध्ये गेम्सचा जो साठा मिळतो, तो मात्र नीट वापरला तर स्वस्त पडतो. कंपन्या या दोन गोष्टी मुद्दाम एकाच पाकिटात घालून विकतात, आणि त्यामुळे आपला हिशेब चुकतो.

हे पैसे सुरू कसे झाले ते बघा. 2002 च्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या एक्सबॉक्स कन्सोलवर ऑनलाइन खेळण्यासाठी एक्सबॉक्स लाइव्ह आणलं, वर्षाला साधारण 50 डॉलरला. तेव्हा त्या पैशात खरंच काहीतरी नवीन मिळत होतं. एकच खातं सगळ्या गेम्सना चालायचं, मित्रांची यादी सगळीकडे तीच, हेडसेट लावून समोरच्याशी बोलता यायचं. प्लेस्टेशन टूवर त्याच काळात प्रत्येक गेमवाल्यानं आपापलं बघून घ्यायचं, अशी अवस्था होती. (आपल्याकडे तर तेव्हा चिप मारलेला पीएस टू आणि फुटपाथवरच्या पायरेटेड सीडी. ऑनलाइन म्हणजे सायबर कॅफे!) त्यामुळे त्या काळी ज्यांनी पैसे भरले त्यांना मी हसणार नाही.

पुढे 2006 मध्ये पीएस थ्री आला आणि सोनीनं ऑनलाइन खेळणं फुकट ठेवलं. सात वर्षं ते फुकट होतं. 2010 मध्ये प्लेस्टेशन प्लस निघालं तेही ऐच्छिक: हवं त्यानं घ्यावं, दरमहा काही गेम्स मिळवावेत. मग 2013 चा जून आला. ई-थ्री या गेम्सच्या मोठ्या प्रदर्शनाच्या व्यासपीठावर सोनीनं सांगितलं की पीएस फोर 399 डॉलरला, मायक्रोसॉफ्टपेक्षा 100 डॉलर स्वस्त, आणि जुन्या डिस्क विका, मित्राला द्या, आमची आडकाठी नाही. सभागृहानं टाळ्यांचा पाऊस पाडला. त्याच कार्यक्रमात, त्याच टाळ्यांच्या आडून, पीएस फोरवर ऑनलाइन मल्टिप्लेअरसाठी प्लस लागेल हेही उरकून घेतलं. धंद्याची हुशारी म्हणून मी याला पूर्ण मार्क देतो.

2018 मध्ये निन्टेंडोही रांगेत आला. त्यांच्या स्विच या कन्सोलवर दीड वर्ष फुकट चाललेलं ऑनलाइन सप्टेंबरपासून वर्षाला 20 डॉलर झालं. स्वस्त होतं, पण मित्रांशी गप्पा मारायच्या तर फोनवर वेगळं अ‍ॅप उघडावं लागायचं! पैसे घेऊन 2002 इतकीही सोय नव्हती.

आता खरा प्रश्न. हे पैसे कशाचे? "सर्व्हरचा खर्च असतो ना," असं बरेच जण मला सांगतात. पण मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक ऑनलाइन गेम्सचे सर्व्हर तो गेम काढणारी कंपनी चालवते. एफसी या फुटबॉलच्या गेमचे ईए ही कंपनी बघते, कॉल ऑफ ड्यूटीचे अ‍ॅक्टिव्हिजन. एक्सबॉक्स 360 च्या काळात तर याहून गंमत होती. गिअर्स ऑफ वॉरसारख्या गेम्समध्ये सामना चालायचा तो खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या घरच्या कन्सोलवर. त्याला होस्ट म्हणायचे. त्याला लॅग (म्हणजे उशीर) शून्य, त्याची गोळी आधी लागणार, आणि त्यानं चिडून मशीन बंद केलं की सगळ्यांचाच खेळखंडोबा. वर्षाला 50 डॉलर भरून लोक एकमेकांच्याच मशीनवर खेळत होते.

मला विचाराल तर हा टोलनाका आहे. गाडी आपली, पेट्रोल म्हणजे इंटरनेटचं बिल आपलं, रस्ता तिसऱ्यानंच बांधलेला, आणि मधे बूम लावून बसलाय भलताच कोणीतरी.

पटत नसेल तर पीसीकडे बघा. स्टीम 2003 पासून आहे. खातं, मित्रांची यादी, गप्पा, क्लाउड सेव्ह (खेळात कुठवर पोचलो ती फाइल कंपनीच्या सर्व्हरवर जपून ठेवणं), सगळं देतं आणि ऑनलाइन खेळायचा एक पैसा घेत नाही. मायक्रोसॉफ्टनं 2007 मध्ये विंडोजवरही लाइव्हचे पैसे घ्यायचा प्रयत्न केला होता. पीसीवाल्यांनी सरळ पाठ फिरवली. 2008 च्या जुलैमध्ये कंपनीला ते फुकट करावं लागलं. तीच कंपनी, तीच सेवा. फरक एवढाच की पीसीवाल्याला दुसरा रस्ता होता आणि कन्सोलवाल्याला नाही.

दुसरी बाजूही मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. कन्सोल बऱ्याचदा तोट्यात विकतात. 2021 मध्ये एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानं साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सच्या मशीनवर त्यांना कधीच नफा झालेला नाही. तेव्हा मशीन स्वस्त द्यायचं आणि तो तोटा पुढे हळूहळू भरून काढायचा, हा सौदा आहे असं कुणी म्हणेल. ठीक. पण तोटा भरून काढायला स्टोअरमध्ये विकल्या जाणाऱ्या गेममागे साधारण 30 टक्के कमिशन आहेच की. आणि सोनीनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं की डिस्कवाला पीएस फाइव्ह आता तोट्यात विकला जात नाही. त्यानंतर काय झालं? 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे तोच पीएस फाइव्ह 49,990 वरून 54,990 झाला. आणि 2023 च्या सप्टेंबरमध्ये प्लसच्या वार्षिक किमतीही वाढल्या.

आपल्याकडचे आकडेच घ्या. सगळ्यात खालचा प्लॅन म्हणजे इसेन्शियल: ऑनलाइन खेळणं, महिन्याचे ठरावीक गेम्स आणि क्लाउड सेव्ह. तो वर्षाला 2,999 होता, तो 3,949 झाला. एक्स्ट्रा, ज्यात गेम्सचा मोठा साठा मिळतो, तो 4,999 वरून 6,699. वरचा डिलक्स 7,599. (परदेशात याच जागी प्रीमियम असतो, त्यात क्लाउडवरून गेम खेळता येतात. आपल्याला ते देत नाहीत, म्हणून डिलक्स.) त्या सप्टेंबर 2023 च्या दरानं, किमती पुन्हा वाढल्या नाहीत असं धरलं, तरी पाच वर्षांचं नुसतं इसेन्शियल 19,745 रुपये होतं. दुकानात मशीनची किंमत विचारताना हे वीस हजार कुणी धरत नाही. दुकानदार तर सांगणारच नाही.

बरं, एवढे भरून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, सुधारतो का? नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर प्लस घेतल्यानं तो पनवेलला येत नाही. सेवा बंदही पडते. 2025 च्या फेब्रुवारीत पीएसएन, म्हणजे प्लेस्टेशनचं ऑनलाइन नेटवर्क, जवळजवळ दिवसभर बंद होतं, तेही शुक्रवार-शनिवारी. सोनीनं सदस्यांना पाच दिवस वाढवून दिले. आणि प्लस नसलेलेही त्या दिवशी तितकेच अडकले होते, हे विशेष.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो सेव्ह फाइलच्या बाबतीत. यावर फार कमी लोक बोलतात. पीएस फोरवर तुमचं सेव्ह पेनड्राइव्हवर घेता यायचं. पीएस फाइव्हच्या गेम्सचं सेव्ह तसं सुटं पेनड्राइव्हवर घेता येत नाही. जपून ठेवायचं तर अख्ख्या मशीनचाच बॅकअप यूएसबी ड्राइव्हवर घ्या, नाहीतर क्लाउड, आणि क्लाउडसाठी प्लस. म्हणजे जो माणूस कधीच ऑनलाइन खेळत नाही, एकटा बसून शंभर तासांचा गेम शांतपणे संपवतो, त्याच्याही मनात भीती: मशीन बिघडलं तर? काही किलोबाइट-मेगाबाइटचा प्रश्न आहे हो. एक्सबॉक्सवर हीच सोय फुकट आहे. तेव्हा "तांत्रिक अडचण" वगैरे मला सांगू नका.

आता पालकांसाठी. पैसे भरण्याआधी पोरगा नेमकं काय खेळतो ते विचारा. माझा भाचा फोर्टनाइट आणि रॉकेट लीग या दोनच गेम्सवर जगतो. "मामा, ऑनलाइन आहे म्हणजे प्लस लागणारच ना?" असं तो मला ठामपणे सांगत होता. नाही लागत. जे गेम फुकट आहेत, म्हणजे फोर्टनाइट, रॉकेट लीग, एपेक्स लेजंड्स, वॉरझोन, त्यांना प्लेस्टेशनवर प्लस लागत नाही. एक्सबॉक्सवर मात्र त्यांनाही गोल्ड, म्हणजे लाइव्हचं पैसेवालं सदस्यत्व, लागायचं. 2021 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टनं गोल्डची किंमत वाढवायची घोषणा केली, लोक इतके भडकले की त्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली, आणि वर फुकट गेम्सवरची अटही काढून टाकावी लागली. (ओरडल्यानं होतं, बरं का.)

एफसी किंवा जीटीए ऑनलाइन खेळायचं असेल तर मात्र प्लसला पर्याय नाही. तिथे गंमत बघा: साडेचार-पाच हजारांचा गेम विकत घेतला, तरी त्याचा अर्धा भाग बंद, तो उघडायला वेगळे पैसे. आणि एफसीमध्ये अल्टिमेट टीमचे पॅक, म्हणजे आत कोणते खेळाडू निघतील ते न कळणारी पाकिटं, विकत घ्यायची सवय पोराला लागली असेल तर प्लसचे पैसे ही तुमची सगळ्यात छोटी काळजी आहे. घरात दोन भावंडं असतील तर दोन प्लस घेऊ नका. एकाच्या खात्यावर घ्या आणि त्या खात्याला सेटिंग्जमध्ये कन्सोल शेअरिंग चालू करा. त्याच मशीनवर दुसऱ्यालाही ऑनलाइन खेळता येतं.

महिन्याच्या "फुकट" गेम्सबद्दल. त्यात चांगले गेम येतात, खोटं बोलणार नाही. तेव्हा विकतचा असलेला रॉकेट लीग 2015 च्या जुलैमध्ये प्लसमधूनच घराघरांत पोचला. 2020 च्या ऑगस्टमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, फॉल गाइज आला आणि आमचा अख्खा ग्रुप रात्री एकपर्यंत त्या रंगीबेरंगी बावळटांना ढकलत असायचा. पण हे गेम तुमचे नाहीत. प्लस संपलं की कुलूप. पुन्हा भरलं की उघडतात. जितकी वर्षं भराल तितकी कुलपामागची यादी वाढते, आणि तितकं सोडणं जिवावर येतं. मला तर वाटतं, लोक प्लस चालू ठेवतात ते पुढच्या महिन्यात काय मिळेल यापेक्षा मागचं जाईल या धास्तीनं. यातले निम्मे गेम त्यांनी उघडलेलेही नसतात. एक्सबॉक्स 360 वर असं नव्हतं. गोल्डमधून घेतलेले 360 चे गेम सदस्यत्व संपलं तरी तुमचेच राहायचे.

एक्स्ट्राचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी पैसे खर्च करायला तयार असतो. स्ट्रे हा मांजराचा गेम 2022 मध्ये पहिल्याच दिवशी त्यात आला. रेड डेड रिडेम्प्शन टू 2024 च्या मेमध्ये आला. सोनीचे स्वतःचे जुने मोठे गेम त्यात आहेत. पहिल्यांदाच प्लेस्टेशन घेतलेल्या माणसाला हा खजिनाच आहे. एका नव्या गेमच्या किमतीत थोडी भर घातली की वर्षभराचं एक्स्ट्रा येतं. फक्त गेम्स येतात तसे जातातही. जीटीए फाइव्ह 2023 च्या डिसेंबरमध्ये आला आणि पुढच्या जूनमध्ये गेला. निम्म्यात असाल तर घ्या विकत.

आणि डिस्क ड्राइव्ह असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, आपल्याकडे जुन्या डिस्कचा बाजार जिवंत आहे. घेतली, संपवली, हजार-बाराशे कमी करून विकली. वर्षाला तीन-चारच मोठे गेम खेळणाऱ्या नोकरदार माणसाला हेच सगळ्यात स्वस्त, कुठल्याही सबस्क्रिप्शनपेक्षा.

गेम पासचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम्सच्या साठ्याच्या सबस्क्रिप्शनचं काय, असं एक्सबॉक्सवाले आता कमेंटमध्ये विचारतील. मी स्वतः त्याचा बराच काळ गुणगान करणारा माणूस. 2017 मध्ये दहा डॉलरला सुरू झालं तेव्हा, आणि नंतर मायक्रोसॉफ्टचे नवे गेम पहिल्या दिवसापासून मिळायला लागले तेव्हा, त्याच्या जवळपास जाईल असं दुसरं काही नव्हतं. पण ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्याकडे त्याचा सगळ्यात वरचा प्लॅन, अल्टिमेट, महिन्याला 829 वरून थेट 1,389 झालं. त्या दरानं वर्षाचे साडेसोळा हजार! तेवढ्या पैशात वर्षाला तीन नवे गेम कायमचे विकत घेता येतात. आधी स्वस्तात सवय लावायची आणि मग दर वाढवायचे, हे केबलवाल्यांपासून सगळ्यांनी केलंय, इथेही तेच.

मी करतो ते असं. आवडीचे चार-पाच गेम साठ्यात जमले आणि सुट्टी हाताशी असली की एक्स्ट्रा एक महिना घेतो. घेतल्या घेतल्या ऑटो रिन्यू बंद करतो. बंद केलं तरी तो महिना पूर्ण मिळतो. महिन्याच्या दरानं बारा महिने घेतलं तर वार्षिकपेक्षा महाग पडतं हे खरं, पण बारा महिने खेळायला वेळ कुणाकडे आहे? वर्षातून दोन-तीन महिने घेणाऱ्याला वार्षिकच्या निम्म्याहून कमी खर्च येतो. दर आठवड्याला ठरलेल्या मित्रांबरोबर एफसी खेळणाऱ्यानं मात्र खुशाल वर्षाचं घ्यावं. फक्त पूर्ण किमतीला घेऊ नका. जूनच्या आसपास सोनीचा डेज ऑफ प्ले सेल आणि नोव्हेंबरमध्ये ब्लॅक फ्रायडे, या दोन वेळी वार्षिक प्लॅनवर सहसा सवलत येते. ती बऱ्याचदा आधीपासून चालू असलेल्यांना मिळत नाही, संपलेल्यांना मिळते. म्हणजे इमानेइतबारे भरणाऱ्याला पूर्ण दर, आणि सोडून गेलेल्याला आवतण.