चिपला हॉलमार्क नसतो

पुण्याच्या एका संग्राहक महोदयांनी माझी इंटेल ८०८६ ही संगणकाची जुनी चिप खोटी ठरवली, त्याचा राग अद्याप पुरता ओसरलेला नाही. चाळीस पायांची, जांभळट सिरॅमिकवर सोनेरी झाकण मिरवणारी ही चिप मी विकायला काढली आणि तिची छायाचित्रे त्यांना पाठवली, तेव्हा त्यांचा आक्षेप आला की तिच्यावर एकीकडे ‘७८’ आणि दुसरीकडे १९८० सालचा कोड आहे, तेव्हा छाप नंतर मारलेला दिसतो. ८०८६ बाजारात आली १९७८ साली, ७८ हे आराखड्याच्या स्वामित्वहक्काचे वर्ष, आणि चिप घडवल्याचा काळ वेगळ्या कोडात असतो, हे मी सविस्तर लिहिले. त्यावर ‘अ‍ॅसिटोनने पुसून दाखवा आणि वजन कळवा’ एवढेच उत्तर आले.

लबाड मंडळी काळ्या प्लास्टिकच्या चिपचा माथा घासतात, त्यावर काळा थर देऊन नवे नाव छापतात आणि अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने तो थर सुटतो, हे मलाही ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात कमी वेगाचे पेंटियम प्रोसेसर नवा छाप मारून जास्त वेगाचे म्हणून खपवले गेलेच. परंतु जुन्या चिपवरची अस्सल शाईसुद्धा अ‍ॅसिटोनने जाऊ शकते. सीतामाईचे अग्निदिव्य निदान अंगावर डाग न पडता पार पडले होते. इथे खरेपणा सिद्ध करायचा तर नावच पुसायचे, आणि नाव गेले की कोणी फुकट घ्यायचे नाही.

वजनासाठी मात्र जळगावच्या सराफ बाजारात गेलो, कारण मिलिग्रॅम दाखवणारा काटा आणखी कोणाकडे असणार? सोनाराने चिप पारड्यात ठेवली आणि शेजारी पोत मोडायला आलेले अमळनेरकडचे एक आजोबा पुढे सरकले.

“भाऊ, हाई काय शे?”

“कॉम्प्युटरची चिप आहे, आजोबा.”

“सोनानी शे?”

“झाकणाला सोन्याचा मुलामा आहे.”

“मंग हॉलमार्क कोठे शे?”

मी काही बोलण्याआधीच त्यांनी सोनाराचे भिंग उचलले, चिपचे पाय एका बाजूने मोजले, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले आणि कितलाले लिधी, असे विचारले. आकडा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग धाकट्या भावाने आईची म्हणून जी बोरमाळ वाट्याला दिली ती पितळेची कशी निघाली आणि तेव्हापासून दोघांत बोलणे कसे नाही, ही कथा साद्यंत झाली. तोवर चिप त्यांच्या तळहातावर, घामात. सोनाराने निकाल दिला, “हे नुसते पाणी चढवलेले आहे, कसोटीवर उरायचे नाही.” आजोबांनी तो दुकानभर जाहीर केला: “भाऊले फसाडी दिधं!” बांगड्या पाहणाऱ्या दोन बायकांनी माझ्याकडे कळवळून पाहिले.

आजोबांचा प्रश्न चुकीचा नव्हता, हेच अधिक झोंबले. सोन्याला २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, सहा अक्षरांचा क्रमांक मोबाइलवर टाकला की दागिन्याची माहिती समोर येते. चिपसाठी असे काहीही नाही. १९७१ सालच्या, अवघ्या २,३०० ट्रान्झिस्टरांच्या इंटेलच्याच ४००४ या चिपची पांढऱ्या सिरॅमिकवर करड्या रेघा असलेली प्रत कोणी दाखवली, तर खुशाल संशय घ्यावा. तिच्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात. माझ्या ८०८६ साठी एवढी उलटतपासणी कशाला? शिवाय मुलाम्यातले चिमूटभर सोने काढण्यासाठी भंगारवाले अशा सिरॅमिक चिपा किलोने घेऊन आम्लात बुडवतात, तेव्हा त्यांना कोणी खरेखोटे विचारत नाही.

काट्याचे छायाचित्र पुण्याला पाठवले. वजन जुळते, परंतु काटा आपल्या ओळखीच्या सोनाराचा असू शकतो, असे उत्तर आले. तरीही चिप खोटी समजून अर्ध्या किमतीत घेण्याची त्यांची तयारी आहे. पाठवताना ती मऊ फडक्यात नीट गुंडाळावी आणि छापाला धक्का लागू देऊ नये, अशी सूचनाही त्यांनी केली आहे.