वरणात कालवायच्या पुडीबद्दल खुलासा

परभणी-हिंगोलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय: ‘नवऱ्याच्या नकळत वरणात पावडर कालवा, 7 दिवसांत दारू सुटते.’ हे खोटं आहे, आणि जिवावर बेतणारंही.

पुडीत काय आहे, हे विकणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिराम असू शकतं. ते खरं औषध आहे, पण त्यानं दारूची तलफ जात नाही. दारू पचताना तयार होणारं विषारी रसायन अ‍ॅसिटाल्डिहाइड त्यामुळे अंगात साचतं. मग तोंड लालबुंद, धडधड, उलट्या. हृदय कमजोर असेल तर मरणसुद्धा. शेवटच्या गोळीनंतरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. ज्याला ठाऊकच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जाणारच की!

दारू सुटावी म्हणून ‘त्याला खोलीत कोंडा’ हा सल्लाही तसाच धोक्याचा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर 2-3 दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. (आपल्याकडं मग देवऋषी गाठतात.) अशा वेळी थेट दवाखान्यात न्या.

व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी मोफत क्रमांक आहे. नवरा तयार नसला, तरी बायकोनं एकटीनं फोन केला तरी चालतो.