भारी औषधाआधी दूध तपासा

दगडीत, म्हणजे गाई-म्हशींच्या कासेला सूज येणाऱ्या आजारात (मस्टायटिस), सडात सोडायच्या औषधाच्या एका ट्यूबने गुण आला नाही तर 'त्याहून भारी अँटिबायोटिक द्या' हा एका लेखात वाचलेला सल्ला घातक आहे. दगडी करणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसचे बरेच जंतू पेनिसिलीन फोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात, वर कासेत गाठी करून बसतात. तिथे औषध पुरेसं पोचतच नाही. मग भारी म्हणजे नेमकं कोणतं, हे कल्चर-सेन्सिटिव्हिटीशिवाय, म्हणजे दुधातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते तपासल्याशिवाय, कसं ठरवणार?

दुधाचा नमुना पहिली ट्यूब सोडण्याआधीच घ्यायचा. सड कोरडा पुसून पहिल्या तीन-चार धारा टाकून द्या, ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने सडाचं टोक घासा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. पुसताना लांबचे सड आधी, धार घेताना जवळचे आधी, नाहीतर पुसलेल्या सडाला हात लागतो. निर्जंतुक बाटली आडवी धरून ५-१० मिली घ्या आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. गोठ्यातल्या कपात काढलेल्या दुधात शेणातलेच जंतू वाढतात, रिपोर्ट वाया.

सूज उतरली की उरलेल्या ट्यूब फ्रिजमध्ये, ही तर घरोघरची रीत! डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पुरा करा, आणि औषधाच्या लेबलवर दूध न वापरण्याचे दिलेले दिवस भरेपर्यंत चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका, फक्त आजारी सडाचं नव्हे.