हाफ इंजिन, तीन रविवार

परवा एका मित्रानं पोस्ट टाकली. गॅरेजवाले लुटतात, यूट्यूब बघा आणि गाडी घरीच खोला. खाली अंगठ्यांची रांग. मी अंगठा दिला नाही, कारण मी खोललीय.

गाडी वडिलांची, २००६ ची स्प्लेंडर प्लस. मीटरची वायर कधी तुटली ते देवाला माहीत, त्यामुळे किती पळालीय ते विचारू नका. गेल्या दिवाळीच्या आधी धूर मारायला लागली. निळसर, आणि रेस दिली की जास्त. सकाळच्या पहिल्या किकला भपकन येऊन थांबला असता तर व्हॉल्व्हच्या सीलवर भागलं असतं. ही रेस देईल तसा सोडत होती, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, तेल वर जळायला येऊ न देणाऱ्या. आमच्या मामांनी (गॅरेजवाले. नात्यातले नव्हेत, पण कोल्हापुरात साठीपुढचा मेस्त्री मामाच असतो) पेचकसाचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हाफ इंजिन करायला लागतंय. खालचं चांगलं हाय." मजुरी १२०० रुपये, सामान वेगळं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हेड (इंजिनचं झाकण), बोअर (सिलिंडर), पिस्टन एवढं केलं की हाफ. क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यापर्यंत, गेलं की फुल.

१२०० ऐकून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आहेच मी इंजिनिअर. कॉम्प्युटरचा.

पहिला रविवार उतरवण्यात गेला आणि खोटं कशाला बोलू, झकास गेला. हेडचे नट तिरक्या क्रमानं थोडे थोडे सैल केले, टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारी) तारेनं बांधून ठेवली म्हणजे आत पडायची नाही, आणि बोअर हळूच पुढं ओढला. ५० मिलिमीटरचं भोक. ९७.२ सीसी म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाएवढी जागा, आणि तेवढ्यावर या गाडीनं आम्हा चौघांना जोतिबाला नेऊन आणलंय (पोलीस मित्रांनी हे वाक्य सोडून द्यावं). आतून बोट फिरवलं. होनिंगच्या (तेल धरून राहावं म्हणून घासून पाडलेल्या) तिरक्या रेषा दिसायला हव्यात तिथं सगळं आरशासारखं गुळगुळीत झालेलं, आणि एका बाजूला उभे ओरखडे. तेल वर का येत होतं ते त्या बोटाला कळलं. हे समाधान पैसे देऊन मिळत नाही, एवढं मी त्या मित्राच्या बाजूनं कबूल करतो.

ओरखडे जातील एवढा बोअर कापून मोठा करून घ्यायचा म्हणून शनिवारी तो पिशवीत घालून उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. लेथवाल्यानं बोअर उजेडात धरला आणि विचारलं, "पिस्टन कुठाय?"

"बोअर झाल्यावर घेतो की."

त्यानं मशिन बंदसुद्धा केलं नाही. "मालक, पिस्टन मापून मग बोअर मारायचा असतोय."

पिस्टन ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा वाढीव मापात मिळतो हे मी वाचलं होतं. पण पिस्टन आणि बोअर यांतली फट दोन-तीन शतांश मिलिमीटरची, केसापेक्षा बारीक. दोन पिस्टनांच्या मापात तेवढा फरक सहज निघतो. म्हणून हातात असेल त्याच पिस्टनला बोअर. मी निमूट दुकानात जाऊन पिस्टन घेऊन आलो.

दुसरा रविवार. गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडते ती) आत गेली. पिनच्या दोन्ही टोकांना तारेचं वाटोळं लॉक असतं. एक बसलं. दुसरं पक्कडीतून निसटलं आणि टिंग झालं. एकदाच. फरशीवर पडलं असतं तर उड्या मारताना दोन-तीनदा वाजलं असतं. मागं क्रँककेसचं, म्हणजे क्रँक असतो त्या पेटीचं, तोंड उघडं होतं. बायको वरून विचारत होती, "झालं का? जेवायला वाढू?"

तासभर टॉर्च, आरसा, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक, सगळं करून मामांना फोन लावला. पहिला प्रश्न आला, "फडकं कोंबलं नव्हतंस?"

नव्हतं. व्हिडिओतल्या माणसानं कोंबलं होतं. मला वाटलं, धुळीसाठी असेल.

तिसरा रविवार मामांच्या गॅरेजात. इंजिन चॅसीवरून उतरवून टेम्पोनं नेलं. दोघांनी पालथं धरून डिझेल ओतलं आणि हिसडे दिले. चौथ्या हिसड्याला लॉक ट्रेमध्ये पडलं. मग मामांनी तोंडात फडकं कोंबून नवं लॉक बसवलं, 'इन' अशी खूण कार्बोरेटरच्या बाजूला आहे ना ते बघितलं, रिंगांची तोंडं एका रेषेत येणार नाहीत अशी फिरवली आणि पाऊण तासात हेड बसवून मोकळे झाले. मजुरी ८०० घेतली. "अर्धं काम तूच केलंस की." टॉर्क पाना (नट किती आवळला ते दाखवणारा) आणि फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) धरून माझे ३१०० आधीच गेले होते. टेम्पो त्यात नाही.

आता माझं मत. सोपं काम घरी आणि अवघड काम मेस्त्रीकडे, असं सगळे सांगतात. मला हे पटेनासं झालंय. मी एवढंच बघतो की चूक झाली तर ती मला कधी कळणार. कार्बोरेटर साफ करताना जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं) चुकलं तर गाडी तिथंच रुसते. टायमिंग चेन एखादा दात इकडेतिकडे बसली तर किक हातानं हळू फिरवतानाच अडल्यासारखी लागते, किंवा गाडी चालू होऊन नुसती फटफट करते. चूक अंगणातच सापडते, पुन्हा खोलायचं.

टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूपाशी ठेवायच्या फटीचं, तसं नाही. टॅपेट वाजतात म्हणून लोक फट कमी करतात आणि आवाज बंद झाला की खूश होतात. पण इंजिन तापलं की ती उरलीसुरली फट संपते, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळता गॅस कडेनं निघत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. पिकअप जातो तेव्हा महिने उलटलेले असतात. फट जास्त राहिली तर नुसती वाजते, बिचारी सांगून तरी त्रास देते. आणि ज्याला सगळे पोरखेळ समजतात तो ऑइलचा ड्रेन बोल्ट? केस ॲल्युमिनियमची, बोल्ट लोखंडी. गळू नये म्हणून दर वेळी पाव फेरा जास्त आवळायचा, आणि एका सर्व्हिसिंगला बोल्ट आट्यांसकट हातात. आटे त्या दिवशी गेले असं आपल्याला वाटतं, ते दोन वर्षं जात होते.

मेस्त्री सगळे धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. प्लग बदलून भागेल तिथं कॉइल बदलणारे मलाही भेटलेत. म्हणून जुना माल परत मागावा, आणि मागताना लाजू नये. पण इंजिन बांधल्यावर पहिले ५०० किलोमीटर गाडी ताणू नका असं बजावणारा, आणि पंधरा दिवसांनी रस्त्यात हात करून "ऑइल बदललंस का?" विचारणारा माणूस १२०० रुपयांत महाग कसा?

बाकी १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम आला, नव्या गाड्यांतला कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. तिथं दिवा पेटला की स्कॅनर लागतो. आपली हौस जुन्या गाड्यांवरच भागवायची.

तर, वडिलांच्या गाडीची टायमिंग चेन गेल्या आठवड्यापासून खुळखुळायला लागलीय. ती काढायची तर मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकाचं वीज बनवणारं चाक, उतरवावं लागतं. कोल्हापुरात कुणाकडे स्प्लेंडरचा मॅग्नेट पुलर असेल तर इनबॉक्स करा, रविवारी सकाळी हवाय. संध्याकाळी परत आणून देतो. मामांना सांगू नका.