सयाम दिसला म्हणून ग्लोब 1939 च्या आधीचा ठरत नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘जुना ग्लोब म्हणजे त्या वर्षीच्या जगाचा फोटो. सयाम असेल तर 1939 च्या आधीचा, हिंदुस्थान अखंड असेल तर 1947 च्या आधीचा. युद्धातली प्रत्येक उलथापालथ त्यावर नोंदलेली असते.’ नौपाड्यातल्या जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला जाताहेत, माळ्यांवरची अडगळ खाली उतरतेय. तेव्हा हा मेसेज चालणारच.

आधी सयाम. 1939 मध्ये त्याचं थायलंड झालं हे खरं. पण युद्ध संपताच, 1945 मध्ये, पुन्हा सयाम झालं आणि त्या दशकाच्या अखेरीस परत थायलंड. म्हणजे तो ग्लोब 1947 चाही असू शकतो.

अखंड हिंदुस्थानाचं गणितही असंच कच्चं. छापलेल्या कागदाच्या पाकळ्या गोळ्यावर चिकटवून ग्लोब बनतो. देश फुटला म्हणून कारखानदार तयार माल फेकून देत नाही; फार तर बदललेल्या नावावर छोटी पट्टी डकवतो. त्यापेक्षा ब्रह्मदेश बघा. तो 1 एप्रिल 1937 ला हिंदुस्थानापासून वेगळा झाला. अर्थात दोन्हींना एकच ब्रिटिश रंग असेल, तर मधली रेघ शोधायला भिंग लागेल.

आता ‘प्रत्येक उलथापालथ’. बारा इंची ग्लोबवर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास 42 किलोमीटर. बाल्टिक किनाऱ्यावरच्या ज्या डान्झिगवरून (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) 1939 मध्ये दुसऱ्या महायुद्धाची ठिणगी पडली, ते सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरचं स्वतंत्र शहर-राज्य तिथे मोहरीहून लहान. त्याची सीमा कोण दाखवणार?

आणि जागा असली तरी इच्छा हवी. 1932 मध्ये जपानने ईशान्य चीनमधल्या मांचुरियात मांचुकुओ हे आपल्या ताब्यातलं राज्य उभं केलं, अमेरिकेने ते मानलं नाही. सोव्हिएत संघाने 1940 मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया गिळले. अमेरिकेने तेही मानलं नाही, आणि तिथल्या कित्येक नकाशांवर या देशांच्या सीमा पुढे अनेक दशकं राहिल्या. फोटो कसला, ही छापणाऱ्याची भूमिका!

साल काढायचंच तर एका नावावर विसंबू नका, जोड्या लावा. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचं पेट्रोग्राड हे नाव 1914 ते 1924. शेजारी ऑस्ट्रिया-हंगेरी अखंड असेल, तर मजकूर पहिल्या महायुद्धातला असण्याची शक्यता दांडगी. मात्र विकायला काढण्याआधी त्या नावावर टॉर्च तिरका धरा. डकवलेल्या पट्टीची कड असेल, तर खालचा नकाशा 1914 च्याही आधीचा असू शकतो.