कॅसिनोला बंदी आहे, मोबाईलच्या दुकानाला नाही

आम्हा गोंयकारांना फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत जायला बंदी आहे. दिल्ली-गुजरातचा माणूस येऊन खुशाल पैसे उडवून जाणार आणि आपण पणजीच्या काठावर उभं राहून मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींची लायटिंग बघायची. पण मन छोटं करू नका, जुगाराची हौस असेल तर एकदम कायदेशीर मार्ग सांगतो, उठा आणि मोबाईलच्या दुकानात जा. एंट्री फी नाही, एसी फुकट, वर टेम्पर्ड ग्लास फ्री. आणि आपण जुगार खेळतोय हे खेळणाऱ्याला कळतसुद्धा नाही, इतकी चांगली सोय त्या बोटीवर पण नसेल.

खेळ सोपा आहे. बॉक्स सेम, मॉडेल नंबर सेम, १२८ जीबी सेम, किंमत तर सेमच सेम. आतली स्टोरेजची चिप मात्र ज्याच्या त्याच्या नशिबाची.

मला हा खेळ कळला मागच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. मी आणि मेव्हणा माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) सामान आणायला म्हापशाच्या बाजारात गेलो होतो, आंबाडे घेतले, कांगलां घेतली, नारळ घेतले आणि परतताना एका दुकानावर चवथ ऑफरचा बोर्ड दिसला, मग काय, दोघांनी एकाच काउंटरवर एकाच मिनिटाला एकच मॉडेल घेतलं, कलर पण काळाच. महिन्याभरात माझ्या फोनची गॅलरी उघडायला लागली की मी मधे पाणी पिऊन यायला लागलो, आणि मेव्हण्याची गॅलरी बोट लावायच्या आधी उघडायची. मी दोष दिला स्वतःलाच, म्हटलं फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंग जास्त झाले असतील.

तर पहिला सल्ला हाच, दोष नेहमी स्वतःला द्या. फोनला कधीच नाही. आणि काहीही झालं तरी फोनचा स्पीड मोजू नका. अँड्रोबेंच नावाचं एक फुकटचं अ‍ॅप आहे, ते स्टोरेज किती वेगात वाचतं-लिहितं ते आकड्यात सांगतं, त्याच्या वाटेला जाऊ नका, भरल्या घरात भांडणं लावणारं अ‍ॅप आहे ते. मी गेलो. माझ्या फोनचा वाचायचा स्पीड सेकंदाला २९० एमबी, मेव्हण्याचा ९०० च्या वर. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलताना आवाजात जरा दया आणून बोलतो.

आता हे असं का, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नुसता चरफडतोय. फोनमधल्या स्टोरेजच्या मुख्य दोन जाती, ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी म्हणजे आपली रायबंदर-चोडण फेरीबोट. एका वेळी एकच दिशा. इकडची माणसं तिकडे उतरल्याशिवाय तिकडची चढणार नाहीत, म्हणजे वाचत असेल तेव्हा लिहिणार नाही आणि लिहीत असेल तेव्हा वाचणार नाही. यूएफएस म्हणजे आपला मांडवीवरचा अटल सेतू, जाणारे जातायत येणारे येतायत, कोणी कोणासाठी थांबत नाही. म्हणून प्ले स्टोअरवर अपडेट चालू असताना तुम्ही फोटो शोधायला गेलात की एकाचा फोन पळतो आणि दुसरा धक्क्यावर हॉर्न वाजवत बसतो. ईएमएमसीची ५.१ ही आवृत्ती कागदावरसुद्धा सेकंदाला ४०० एमबीच्या वर जात नाही, यूएफएस २.१ कागदावर हजार ओलांडतं. मला फेरीबोटीचं वाईट वाटत नाही हो, फेरीबोट मला आवडते, पण पुलाचा टोल घेऊन फेरीत बसवलं तर माणसाने काय समजायचं?

आणि हे फक्त माझ्यासारख्या ऑफरवाल्या गिऱ्हाईकाच्याच बाबतीत होतं असं समजून दुःखी होऊ नका. २०१७ मध्ये हुआवेचा पी१० आला, कंपनीचा त्या वर्षीचा मानाचा फोन, आणि लोकांनी घरी नेऊन स्पीड मोजले (बघा, मोजू नका म्हणतो ते उगाच नाही) तर कोणाला ८०० च्या आसपास, कोणाला ५०० च्या, आणि कोणाला ३०० च्याही आत. एकाच मॉडेलमध्ये यूएफएस २.१, यूएफएस २.० आणि ईएमएमसी ५.१, तिन्ही. रॅमपण कुठे नवी एलपीडीडीआर४ कुठे जुनी एलपीडीडीआर३, म्हणजे मिक्स भजीच. कंपनीच्या मोबाईल विभागाचे प्रमुख रिचर्ड यू यांनी कारण दिलं की फ्लॅश मेमरीची टंचाई आहे. टंचाई खोटी नव्हती, तेव्हा मेमरीचे कारखाने सपाट चिप सोडून थरावर थर रचलेल्या थ्रीडी चिपकडे वळत होते आणि माल कमी पडत होता. पुढे लोक फारच बोलायला लागले तेव्हा माफी पण मागितली. टंचाई आमच्याकडे पण असते हो, पावसाळ्यात ट्रॉलर बंद असतात तेव्हा इसवण (म्हणजे सुरमई) मिळत नाही, पण म्हणून कोणी ताटात बांगडा वाढून इसवणाचं बिल लावत नाही. लावलं तर त्या खाणावळीचं पुढे काय होतं ते आपल्याला माहिती आहे.

महागाचा फोन घेतला की सुटलो असं वाटत असेल तर तेही वाटून घेऊ नका. अ‍ॅपलच्या आयफोन ६एसचा ए९ प्रोसेसर २०१५ मध्ये दोन ठिकाणी बनायचा, सॅमसंगकडे १४ नॅनोमीटरवर आणि तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडे १६ वर (चिपवरची नक्षी किती बारीक त्याचं ते माप), आणि बॅटरीत फरक पडतो म्हणून बोंब झाली. अ‍ॅपलने सांगितलं की फरक दोन-तीन टक्क्यांचाच आहे. हे मला पटतं, दोन जणांकडून माल घेणं पाप नाही, माझ्या घरातले नारळ पण दोन भाटांतून, म्हणजे माडांच्या बागांतून, येतात, पण दोन्हीकडून नारळच येतात, एकीकडून नारळ आणि दुसरीकडून नुसती करवंटी असं होत नाही. सॅमसंगच्या एस२३ मध्ये तर १२८ जीबीवाल्याला यूएफएस ३.१ आणि २५६ वाल्याला ४.०. नाव एकच, आणि कमी जागा घेतली म्हणून वेग पण जुना.

यूट्यूबचे रिव्ह्यू मात्र जरूर बघा. रिव्ह्यू होतो पहिल्या-पहिल्या फोनचा, तुम्ही घेता सहा महिन्यांनंतरचा, मधे फॅक्टरीत काय बदललं ते रिव्ह्यूवाल्याला कोण सांगायला जातंय? तो बिचारा अजून तिथेच 'एकदम स्मूथ' म्हणून बसलाय. तुम्ही तो व्हिडिओ आपल्या फोनवर लावा, थोडा वेळ देऊन लावा, आणि त्याच्या सुखात सुख माना.

खरेदीच्या आधी काही करायचंच असेल तर देवळात जाऊन कौल घ्या. उजवी पाकळी पडली तर यूएफएस, डावी पडली तर ईएमएमसी. दुकानदाराला विचारण्यापेक्षा हे बरं, निदान देव उत्तर तरी देतो. दुकानदाराला मी विचारलं होतं, तो म्हणाला, "दोनूय सेमच आसात बाब, तुका आनीक कितें जाय?" म्हणजे दोन्ही सेमच आहेत, तुला आणखी काय पाहिजे?

सर्व्हिस सेंटरला जायचं असेल तर गाऱ्हाणं घालायच्या तयारीने जा, हातात नारळ असला तरी चालेल. मी पणजीला गेलो, टोकन घेतलं, दीड तास बसलो, दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट दाखवले. काउंटरवरचा पोरगा एकदम शांत. बॉक्स उलटा करून माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "अंकल, १२८ जीबी बरयलां, १२८ जीबी दिलां. फट खंय आसा?" म्हणजे लिहिलंय तेवढंच दिलंय, खोटं कुठे आहे? मी चष्मा लावून वाचलं. खरंच, यूएफएस कुठेच लिहिलेलं नव्हतं, ईएमएमसी पण नव्हतं. खाली एकदम बारीक, मुंगीने चालत चालत लिहावं तसं, की बॅचप्रमाणे भाग वेगळे असू शकतात. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मात्र चार ठिकाणी, तेही माझ्या अंगठ्याएवढे. त्याने फोन पुसून परत दिला, सर्व्हिसला पाच स्टार द्या म्हणाला, मी दिले, ते पान उघडायलाही वेळ लागला.

तर शेवटचा सल्ला, फोन एकटे घेऊ नका. मेव्हण्याबरोबर घ्या, साडूबरोबर घ्या, पण जोडीने घ्या आणि रंग एकच घ्या. मी आत्ता कव्हरपण मेव्हण्यासारखंच घेतलंय, वॉलपेपरवर त्याच्यासारखाच गणपती लावलाय. येत्या चवथीला तो आमच्याकडे येतोय, माटोळीखालच्या टेबलावर दोन्ही फोन शेजारीशेजारी चार्जिंगला असणार. बायकोला कुणकुण लागलीय, म्हणते हे बरं दिसत नाही. मी म्हटलं अगो, कंपनीच सांगते दोन्ही सेम आहेत म्हणून, मग एखादवेळी सिमकार्ड इकडचं तिकडे झालं तर तुझ्या भावाचं काय बिघडणार?