पालक कापतात वो, उपटत नाहीत!

पालक कापायचा असतो. जमिनीच्या वर दोन बोटं ठेवून, विळ्यानं नाहीतर घरातल्या कात्रीनं. मग तो परत फुटतो, पंधरा-वीस दिवसांत पुन्हा जुडी देतो, थंडीत एका पेरणीवर तीन-चार कापण्या आरामात निघतात. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत आम्ही चार घरांनी मिळून भाजीची बाग केलीय, तिच्यासाठी हे मी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं. फोटो टाकला. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून जाळीला बांधलं, शेजारच्या अक्कांकडून खाली कन्नडमध्येही लिहून घेतलं, म्हणजे कुणाला भाषेचं निमित्त नको. तरी काल संध्याकाळी बघते तर अख्खा वाफा मुळासकट उपटलेला. आणि मुळं? मुळं तिथंच तोडून टाकलेली! म्हणजे नेणाऱ्याला एवढं बरोबर कळतं की मुळं खायची नसतात. तोडायचीच होती तर जागेवर कापायला काय हात मोडले होते?

"एवढ्याशा पालकावरून काय वो मॅडम," असं एका काकांनी लिहिलं. खाली अंगठेच अंगठे.

एवढासा काय? ऐका मग आता.

लेआउट पाडताना दहा टक्के ओपन स्पेस सोडावा लागतो, तसा आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीलाही आहे. कागदावर बाग. प्रत्यक्षात वेडी बाभळ, गाजरगवत, घरं बांधून उरलेला राडारोडा आणि त्यात निवांत लोळणारी डुकरं. वर्षानुवर्षं त्या जागेचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. मग आम्ही चार घरांनी मिळून ती साफ केली, काळ्या मातीतून सिमेंटचे गट्टे नि फरशीचे तुकडे वेचले, ट्रॅक्टरभर शेणखत आणलं, डुकरं शिरू नयेत म्हणून जाळी मारली. वांगी, भेंडी, घेवडा, अंबाडी, मेथी, कडेनं शेवगा आणि कढीपत्ता. ठरलं काय होतं? ज्याला भाजी पाहिजे त्यानं आठवड्यातून एकदा येऊन पाणी घालायचं, थोडं खुरपायचं. अर्ध्या तासाचं काम. यादीत नावं द्यायला एवढी झुंबड की कागद पुरला नाही. यादी अजून माझ्याकडं आहे. त्यातली माणसं तेवढी सापडत नाहीत.

आणि विचारलं की उत्तर एकच. "पाणी कुठंय वो?"

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. सोलापूरच्या पाण्याचं दुखणं मला कुणी शिकवू नये, मी इथंच वाढले. तिकडं भीमेवर ११७ टीएमसीचं उजनी धरण, ते भरलं की प्रत्येक ग्रुपवर दरवाजे उघडल्याचे व्हिडिओ, आणि आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही कधी पहाटे, कधी रात्री. धरण उशाला नि कोरड घशाला. वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा ४३-४४. सगळं मान्य. म्हणूनच विचारते, ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी आपल्या गल्लीत काय चालतं?

मी सांगते काय चालतं. मोटारी सुरू होतात. टाक्या भरतात, भरून वाहतात, गच्चीवरून भिंतीवर, भिंतीवरून गटारीत, आणि मोटार बंद करायला कुणी वर बघत नाही, कारण खाली पाइप धरून गाडी धुणं चाललेलं असतं. गाडी झाली की ओटा. ओटा झाला की समोरचा डांबरी रस्ता! डांबराला कोंब फुटणार आहेत का? पण खरी तळपायाची आग मस्तकात जाते ती पुढं. चार दिवस जपून साठवलेलं पाणी, पिंपं, घागरी, हंडे, ते सगळं "शिळं झालं" म्हणून गटारीत ओतायचं, आणि मग ताजं भरायचं. वांग्याला शिळं-ताजं कळत नाही वो! गटार घराच्या डाव्या हाताला, वाफे उजव्या हाताला. पावलं सारखीच. तरी हंडा डावीकडंच कलंडतो.

एका सरांनी उपाय काढला. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी म्हणे बागेला घाला, शून्य खर्च. आणि लोकांनी काही आणलं असेल तर नेमकं तेवढंच आणलं, अगदी उत्साहानं, फोटो काढून. अहो, इथलं बोअरचं पाणी आधीच जड. मशीन गोडं पाणी तुम्हाला देतं आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात अजून दाट करून बाहेर टाकतं. ते रोज त्याच वाफ्यात ओतलं तर आपल्या चिकण काळ्या मातीतून निचरा होत नाही, क्षार वरच साचतात. मेथीच्या वाफ्यावर पांढरा थर आला तो कशानं आला? ते पाणी फरशी पुसायला वापरा, संडासात टाका. एसीचं पाणी आणा म्हटलं, ते जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखं शुद्ध असतं. तांदूळ-भाजी धुतलेलं आणा म्हटलं. तर "बादली घेऊन रस्त्यानं कसं यायचं, बरं दिसत नाही." सकाळी नाइट पँट घालून दूध आणायला जाताना बरं दिसतं.

पाणी कमी म्हणून आम्ही काय काय केलं तेही सांगते. झाडांच्या मधे मातीची साधी मडकी गळ्यापर्यंत पुरली, एकदा भरली की दोन-तीन दिवस पाझरत राहतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडून उसाचं पाचट आणून वाफ्यांवर पसरलं, म्हणजे माती तापत नाही, भेगाळत नाही, पाणी निम्म्यानं वाचतं असा आमचा अनुभव. झालं! एका घरी मुलाचा वाढदिवस. पाहुणे येणार, समोर "कचरा" दिसतो. त्यांनी बाई लावून सगळं पाचट झाडून घेतलं आणि कोपऱ्यात पेटवून दिलं. शेजारचा कढीपत्ता अर्धा होरपळला. वर मलाच ऐकवलं, "मॅडम, स्वच्छता ठेवा जरा." एक मडकंही फुटलं त्यात, त्याचं तर नावच नाही.

दुसऱ्या एकांनी भेंडीवर मावा दिसला म्हणून स्वयंपाकघरातला झुरळं मारायचा फवारा आणून मारला. खायच्या भेंडीवर! निंबोळी अर्काची बाटली तिथं जाळीलाच टांगलेली होती. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, धुऊन घेतली की झालं. मग ती भेंडी स्वतःच्या घरी का नेली नाही असं विचारलं, तर म्हणे आमच्यात भेंडी कुणी खात नाही.

भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर जून होते, बी धरते आणि झाड पुढं फळ द्यायचं थांबतं. ते काम कुणाला नको. भोगीला मात्र सगळ्यांना बाग आठवते. भोगीच्या भाजीला घेवडा, वांगी, पावटा लागतो आणि गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मंडईत भाव चढलेला असतो. आम्ही ठरवलं होतं की सकाळी सगळं तोडून घरटी वाटे घालायचे. सकाळी जाऊन बघतो तर वेलावर पानं. कोवळी, बोटाएवढी वांगीसुद्धा देठासकट ओरबाडलेली, फांद्या लोंबत होत्या. तिकडं अडुसष्ट लिंगांना तेलाभिषेक, नंदीध्वज निघालेले, सगळं गाव हर्र बोला हर्र करतंय. ज्यांची ही यात्रा त्या सिद्धरामेश्वरांनी माणसं गोळा करून तळं खोदलं म्हणतात. आमच्याकडं माणसं गोळा झाली ती रात्री, पिशव्या घेऊन. त्यापेक्षा शेळ्या बऱ्या. दिवसाढवळ्या येतात, खातात, हाकललं की जातात, ग्रुपवर पर्यावरणाचे मेसेज टाकत नाहीत.

"मंडईत दहा रुपयाला जुडी मिळते, कशाला एवढं करता?" हा अजून एक आवडता डायलॉग. मग घ्या की मंडईतून! आमच्या वाफ्यात काय शोधायला येता?

आणि आता कळस ऐका. येत्या रविवारी मीटिंग लावलीय. विषय, "ओपन स्पेसचे सुशोभीकरण". भाजीपाल्यामुळं म्हणे जागा अस्ताव्यस्त दिसते, डास होतात, भांडणं होतात. म्हणून वाफे काढून मधे लॉन, कडेनं पेव्हर ब्लॉक, चार बाकडी, आणि फाटकावर ज्यांच्या सौजन्यानं ते होणार त्यांच्या नावाचा बोर्ड. जागा साफ करताना यातलं एक माणूस खुरपं घेऊन आलं नव्हतं. आता डिझाइनचा रंगीत फोटो आलाय, त्यात गोरी मुलं हिरवळीवर पळतायत.

लॉन! सोलापुरात! ज्यांच्याकडं वांग्याच्या आळ्यात ओतायला तांब्याभर पाणी नाही त्यांना लॉन पाहिजे. उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायचं तर चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर धरा, मी कमीच धरतेय. हजार चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. साडेचारशे लिटरच्या वर झालं की नाही, रोजचं? नळ येतो चार-पाच दिवसांनी. म्हणजे दोन नळांच्या मधे दोन हजार लिटर फक्त गवताला. आम्ही उन्हाळ्यात निम्मे वाफे मोकळेच ठेवतो, बाकीच्यांवर हिरवी नेट टाकतो आणि मडक्यांवर भागवतो, त्याला तुमच्याकडं पाणी नव्हतं.

तर रविवारी मी येणार आहे, ती यादी घेऊन, सगळ्यांच्या सह्यांसकट. पहिला प्रश्न माझा असेल, रोजचे साडेचारशे लिटर कुणाच्या टाकीतून देणार. टँकर मागवू म्हणालात तर पैसे कोण देणार तेही तिथंच लिहून घेणार आहे. आणि तोवर जाळीच्या आतल्या एका काडीला जरी कुणी हात लावला, तर बघाच.